अकाउंट्सची डिग्री करायला निघालात तर: बी.कॉम., बीएएफ आणि त्या तीन वर्षांत करायच्या गोष्टी

दर जूनमध्ये ओळखीतल्या कुणाच्या तरी मुलाचा नाहीतर मुलीचा फोन येतो, ताई बारावी झाली, अकाउंट्स घेऊ का, बीएएफ बरं की साधं बी.कॉम., टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा क्लास आत्ताच लावू का. फोनवर सांगायला घेतलं की अर्धं राहून जातं म्हणून यावेळी बसून नीट लिहितेय. मी मुंबई विद्यापीठाच्या एका कॉलेजातून बीएएफ केलं, मग सीएच्या ऑफिसात काम केलं, आता एका कंपनीत अकाउंट्स बघते. त्यामुळे यातलं बरंचसं मुंबई-ठाणे पट्ट्यातलं आहे, पुणे-नाशिक-कोल्हापूरकडे विषयांची नावं आणि सेमिस्टर थोडी इकडची तिकडे असतील, पण हिशेब सगळीकडे तोच.

एक गोष्ट आधीच सांगते कारण मला ती फार उशिरा कळली. अकाउंट्समध्ये प्रत्येक नोंदीमागे एक कागद असतो. बिल, पावती, बँक स्टेटमेंट, भाड्याचा करार, विम्याची पॉलिसी, काहीतरी असतंच. कॉलेजात तो कागद आपल्याला दिसत नाही, सममध्ये, म्हणजे सोडवायला दिलेल्या उदाहरणात, सगळे आकडे आणि अ‍ॅडजस्टमेंट तयार करून दिलेल्या असतात, आणि आपण तीन वर्षं फक्त आकडे इकडून तिकडे नेत बसतो. पहिल्या दिवसापासून सम वाचताना "हा आकडा कुठल्या कागदावरून आला असेल" एवढं स्वतःला विचारत गेलात ना, तर पुढची खूप भीती कमी होते. खाली अधूनमधून हे पुन्हा येईल.

कोर्स कुठला घ्यायचा

साधं बी.कॉम. म्हणजे अकाउंट्सबरोबर कॉमर्स, इकॉनॉमिक्स, लॉ असं सगळं थोडं थोडं. बीएएफ हेही बी.कॉम.च आहे, बी.कॉम. अकाउंटिंग अँड फायनान्स, पण त्यात अकाउंट्स, कॉस्टिंग, टॅक्स, ऑडिट हे खोलात आणि जवळजवळ प्रत्येक सेमिस्टरला. फरक फीमध्येही आहे. साधं बी.कॉम. बऱ्याच जुन्या कॉलेजांत अनुदानित असतं म्हणून फी कमी, बीएएफ बहुतेक ठिकाणी सेल्फ फायनान्स म्हणून फी कितीतरी जास्त. घरची परिस्थिती ओढाताणीची असेल तर फक्त नावासाठी बीएएफच्या मागे लागू नका, साध्या बी.कॉम.मधून पुढे गेलेली ढीगभर माणसं माझ्या आजूबाजूला आहेत.

माझं मत विचाराल तर असं. सीए करायचंच हे पक्कं असेल तर साधं बी.कॉम. घ्या, कॉलेजचे तास कमी, सीएच्या अभ्यासाला वेळ मिळतो. अजून ठरलेलं नसेल, नोकरी की सीए की एमबीए काहीच माहीत नसेल, तर बीएएफ घ्या कारण तीन वर्षांनी हातात निदान अकाउंट्स येतं. आणि दिवसा नोकरी करावी लागणार असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, तिथलं बी.कॉम. मराठीतून करता येतं, त्याला कमी लेखू नका.

बीबीए, बीएमएस, बीसीएला २०२४ पासून सीईटी लागते. बीएएफ आणि बी.कॉम.ला साधारण बारावीच्या मार्कांवर मेरिट लिस्ट लागते, स्वायत्त कॉलेजं मात्र स्वतःची परीक्षा घेऊ शकतात, त्यामुळे ज्या कॉलेजात जायचंय त्याची वेबसाइट स्वतः उघडून बघा, मित्राने सांगितलं त्यावर राहू नका.

नवीन शैक्षणिक धोरणामुळे आता मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतून घ्यायचा विषय) असे शब्द कानावर येतील. घाबरायचं काही नाही, तुमचं मेजर अकाउंट्सचं राहणार, बाकीचं डिग्रीला लागणारी क्रेडिट्स भरण्यासाठी. एका वर्षाने सोडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी डिग्री आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. मायनर निवडताना मात्र सोपं कुठलं हे न बघता पुढे उपयोगी कुठलं ते बघा.

अ‍ॅडमिशनचे कागद

यावर जास्त लिहीत नाही. मुंबई विद्यापीठात कॉलेजच्या फॉर्मच्या आधी विद्यापीठाच्या पोर्टलवर प्रवेशपूर्व नोंदणी करावी लागते, ती राहिली तर कॉलेज फॉर्म घेत नाही. लिव्हिंग सर्टिफिकेट, मार्कशीट, आधार, एबीसी आयडी (ही क्रेडिट्स ज्यात जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा नंबर), आणि राखीव जागेतून असाल तर जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन क्रीमीलेयर. उत्पन्नाचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवा कारण जूनमध्ये सेतू केंद्राबाहेर रांगा लागतात. खुल्या वर्गातल्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, फॉर्म महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरायचा. तुमच्या कोर्सला आणि तुमच्या कॉलेजला ती लागू आहे का हे ऑफिसातल्या स्कॉलरशिपच्या खिडकीवर विचारा, सेल्फ फायनान्सला असाल तर आधी हेच विचारा.

लेक्चर सुरू व्हायच्या आधी

सायन्समधून येणारी मुलं दरवर्षी असतात आणि पहिल्या महिन्यात त्यांची फार घालमेल होते, कारण सर "हे तुम्हाला बीकेमध्ये झालंय" म्हणून पुढे जातात, बीके म्हणजे अकरावी-बारावीचं बुक-कीपिंग. अकरावी-बारावीची पुस्तपालन व लेखाकर्मची बोर्डाची पुस्तकं घ्या, बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट मिळते, आणि जून-जुलैमध्ये किर्द (जर्नल), खतावणी (लेजर), तेरीज (ट्रायल बॅलन्स) आणि एकट्या मालकाचे अंतिम लेखे एवढं हाताने करून टाका. मराठी माध्यमातून आलेल्यांनी एक छोटी वही करावी, एका बाजूला आपला शब्द, दुसऱ्या बाजूला कॉलेजातला. घसारा म्हणजे डेप्रिसिएशन, ऋणको म्हणजे डेटर्स, धनको म्हणजे क्रेडिटर्स, ख्याती म्हणजे गुडविल, उचल म्हणजे ड्रॉइंग्ज, ताळेबंद म्हणजे बॅलन्स शीट, नावे म्हणजे डेबिट आणि जमा म्हणजे क्रेडिट. चाळीस-पन्नास शब्द आहेत, पंधरा दिवसांत बसतात. तुम्हाला विषय येत असतो, अडतं ते फक्त नावावर.

आता डेबिट-क्रेडिटचं बोलू, कारण इथेच सगळे अडकतात आणि मग पाठांतर सुरू होतं. घरातलं आईचं किंवा बाबांचं बँकेचं पासबुक काढा. समजा आईने ५,००० रुपये भरले. पासबुकात ते जमाच्या रकान्यात दिसतात. आता कॉलेजात सर सांगतात बँकेत पैसे भरले की बँक खाते डेबिट, म्हणजे नावे. मग खरं कोण? दोन्ही खरं. पासबुक हे आपलं पुस्तक नाहीच, ते बँकेच्या खतावणीतलं आईचं पान आहे, बँकेने आपल्याला वाचायला दिलेलं. बँकेच्या दृष्टीने आई पैसे देणारी, तिला ते परत द्यायचेत, म्हणून तिचं खातं जमा. आईने स्वतःची वही लिहिली तर तिच्या दृष्टीने बँकेकडून ५,००० येणं आहे, म्हणून बँक नावे आणि हातातली रोख कमी झाली म्हणून रोख जमा. एकच व्यवहार, दोन वह्या. कुठलीही एन्ट्री करताना आधी विचारा मी कुणाची वही लिहितोय. हे डोक्यात बसलं की बँक रिकन्सिलिएशनचा, म्हणजे आपली वही आणि पासबुक जुळवायचा, धडा आपोआप सुटतो, पासबुकात डेबिट बॅलन्स दिसला म्हणजे ओव्हरड्राफ्ट का, हेही वेगळं पाठ करावं लागत नाही.

गोल्डन रूल्स, म्हणजे डेबिट-क्रेडिटचे ठरलेले नियम, पाठ करा, हरकत नाही, पण त्यावर थांबू नका. मालमत्ता, देणी, भांडवल, उत्पन्न, खर्च या पाचांपैकी काय वाढलं आणि काय कमी झालं असा विचार करायची सवय लावा, कंपनीच्या अकाउंट्सला हीच पद्धत कामाला येते.

अभ्यास कसा करायचा

पहिल्या सेमिस्टरला मी फायनान्शियल अकाउंटिंगला सोडवलेले सम वाचत बसायचे. वाचताना सगळं कळायचं. पेपरात हायर परचेसचा, म्हणजे हप्त्यांवरच्या खरेदीचा, सम समोर आला आणि पहिली ओळ काय लिहायची तेच सुचेना, पास झाले पण जेमतेम. तेव्हापासून नियम केला, उत्तर झाकून कोऱ्या पानावर सम सोडवायचा, अडलं तर फक्त तेवढी ओळ बघायची, आणि तो सम चार दिवसांनी परत करायचा. एका प्रकारचे पाच वेगळे सम दोनदा केलेत की तो धडा तुमचा. वीस सम एकेकदा वाचून काही होत नाही.

वर्किंग नोट्स, म्हणजे आकडा कसा काढला ते हिशेब, नेहमी लिहा, रफमध्ये नाही, उत्तरपत्रिकेवरच. शेवटचा आकडा चुकला तरी वर्किंग नोट बरोबर असेल तर मार्क मिळतात. १५ मार्कांच्या समला अर्ध्या तासाच्या वर वेळ द्यायचा नाही. आणि बॅलन्स शीट जुळली नाही तर पेपरात तिच्या मागे लागून पुढचा सम घालवू नका, सोडून पुढे जा, वेळ उरला तर परत या.

घरी सराव करताना फरक आला तर मात्र तो शोधाच, त्यातच शिकायला मिळतं. दोन जुन्या युक्त्या आहेत, आमच्या सरांनी शिकवलेल्या, ऑफिसात आजही वापरते. फरकाचे निम्मे करा आणि तो आकडा कुठे आहे का बघा, असेल तर तो चुकीच्या बाजूला गेलाय. आणि फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर बहुतेक वेळा दोन अंकांची अदलाबदल झालीय. म्हणजे ७,८६० च्या जागी ७,६८० लिहिलं तर फरक येतो १८०, त्याला ९ ने भाग जातो, लगेच उलटसुलट झालेला आकडा शोधायचा.

आता त्या कागदाकडे परत येते. सममध्ये खाली लिहिलेलं असतं "विमा हप्ता ६,००० आगाऊ दिलेला" आणि आपण डोळे झाकून विम्यातून वजा करतो, ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला दाखवतो. ऑफिसात हे वाक्य तुम्हाला कुणी लिहून देत नाही. तिथे फक्त १२,००० ची पॉलिसी असते, त्यावर १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर अशा तारखा असतात, आणि ३१ मार्चला वही बंद करताना तुम्हालाच ती पॉलिसी उघडून बघायचं असतं की सहा महिने या वर्षाचे आणि सहा महिने पुढच्या वर्षाचे. म्हणून सराव करताना अ‍ॅडजस्टमेंट आली की तारखा स्वतः मनात घाला, कागद कसा दिसत असेल ते बघा, मग एन्ट्री करा. वेळ थोडा जास्त जातो पण परीक्षेत कितीही फिरवून विचारलं तरी गडबड होत नाही.

कॅल्क्युलेटर कॅसिओ किंवा सिटिझनचा १२ अंकी घ्या आणि एकच तीन वर्षं वापरा, बोटांना सवय लागते. एम प्लस, एम मायनस आणि जीटी (ग्रँड टोटल) ही बटणं शिकून घ्या. प्रेझेंट व्हॅल्यू, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशांची आजची किंमत, काढायला कॅसिओवर १० टक्के दरासाठी १.१ लिहून भागाकाराचं बटण दोनदा दाबा, मग १ आणि नंतर = दाबत राहा, ०.९०९, ०.८२६, ०.७५१ असे दर वर्षाचे फॅक्टर येत जातात, शेवटी जीटी दाबलं की तिन्हींची बेरीज २.४८७ तयार. तक्ता शोधत बसावं लागत नाही.

दुसऱ्या वर्षी पार्टनरशिपमधलं पीसमील डिस्ट्रिब्युशन आलं की वर्गात सगळे उसासे टाकतात. भागीदारी मोडताना पैसे हप्त्या-हप्त्याने येतात आणि कुणाला आधी द्यायचे एवढाच प्रश्न आहे, आधी बाहेरची देणी, मग भागीदाराने दिलेलं कर्ज, मग ज्याचं भांडवल नफा वाटपाच्या प्रमाणापेक्षा जास्त आहे त्याला. पहिली सरप्लस कॅपिटलची वर्किंग नोट नीट आली की बाकी नुसतं वाटत जायचं. तिसऱ्या वर्षी कंपनीचे अंतिम लेखे येतात, त्याचा नमुना कंपनी कायदा २०१३ च्या शेड्यूल तीनमध्ये दिलाय, तो नमुना रोज एकदा न बघता लिहून काढा, आठवड्यात बसेल. कॉस्टिंगमध्ये मार्जिनल आणि स्टँडर्ड कॉस्टिंग मनापासून करा, कंपनीत रोज लागतं.

टॅक्सच्या पुस्तकांचं फार जपून. सीनियरची पुस्तकं स्वस्तात मिळतात आणि बाकी विषयांना ती चालतात, मी स्वतः निम्मी पुस्तकं तशीच वापरली. पण १९६१ चा आयकर कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झालाय, कलमांचे नंबर बदललेत, प्रीव्हियस इयर आणि असेसमेंट इयर जाऊन टॅक्स इयर आलंय. जीएसटीचे दरही २२ सप्टेंबर २०२५ पासून बदललेत. त्यामुळे टॅक्सचं पुस्तक घेण्याआधी सरांना विचारा की पेपर कुठल्या कायद्यावर आणि कुठल्या वर्षावर आहे, मगच पैसे घाला.

हजेरी ७५ टक्के लागते, ती सांभाळा. केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, तर पुढच्याच परीक्षेला काढून टाका, साठवली की तिसऱ्या वर्षी नव्या आणि जुन्या पेपरांच्या तारखा एकमेकांना लागून येतात आणि दोन्हीकडे फटका बसतो.

टॅली आणि एक्सेल

बारावीनंतर लगेच हजारो रुपये भरून टॅलीचा क्लास लावायची गरज नाही. हाताने जर्नल येत नसेल तर टॅली शिकून फक्त बटणं कळतात. पहिलं वर्ष झालं की उन्हाळ्याच्या सुट्टीत शिका. टॅली प्राइम एज्युकेशनल मोडमध्ये फुकट चालतं, फक्त महिन्यातल्या ठरावीक दोन-तीन तारखांच्याच नोंदी करता येतात, सरावाला तेवढं पुरतं. एफ४ कॉन्ट्रा, एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस. घरच्या एका महिन्याचं बँक स्टेटमेंट घ्या आणि ते टॅलीत बसवा, वीजबिल, किराणा, बाबांचा पगार, सगळं. शेवटी टॅलीतला बँक बॅलन्स आणि स्टेटमेंटमधला बॅलन्स जुळला की पुढे चला.

एक्सेलमध्ये सम-इफ, व्ही-लूकअप आणि पिव्हट टेबल हे तीन एवढे यायला हवेत की हात आपोआप चालले पाहिजेत. माझ्या आत्ताच्या कामात टॅलीपेक्षा एक्सेल जास्त वेळ उघडं असतं.

ऑफिसात जा, लवकर जा

नवीन पॅटर्नमध्ये ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग आहेच. पण त्याची वाट न बघता दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत घराजवळच्या एखाद्या सीएच्या किंवा टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात जाऊन बसा, पैसे कमी मिळोत किंवा न मिळोत. तिथे महिन्याचं एक चक्र असतं ते पुस्तकात कळत नाही. ७ तारखेपर्यंत टीडीएस, म्हणजे पैसे देताना कापलेला कर, भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ हे विक्रीचं रिटर्न, १४ ला २बी हे खरेदीचं स्टेटमेंट येतं, त्यावरून कुठल्या सप्लायरने आपलं बिल दाखवलंय आणि कुणी नाही ते जुळवायचं, २० ला ३बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न. ते बिल जुळवणं कंटाळवाणं वाटतं पण त्यात तुमची नजर तयार होते.

माझा पहिला आठवडा सांगते. एका हार्डवेअरच्या दुकानाची बिलं प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून आली होती, काही थर्मल प्रिंटची, शाई उडालेली. मी एकेक उचलून खरेदीत टाकत गेले. संध्याकाळी सीनियर ताईंनी एन्ट्र्या बघितल्या आणि एक बिल माझ्यासमोर ठेवलं, ३८,५०० चा फ्रिज. म्हणाल्या, "हा फ्रिज दुकानात विकतात का?" बिलावर मालकाच्या घरचा पत्ता होता, दुकानाचा जीएसटी नंबर नव्हता. म्हणजे दुकानाच्या पैशातून घरचा फ्रिज घेतला, ती उचल. मी ती खरेदी दाखवून नफा ३८,५०० ने कमी केला होता. कॉलेजात उचल खात्याचे कितीतरी सम केले होते, पण तिथे "मालकाने उचल केली" असं लिहून यायचं. त्या दिवसापासून बिल हातात आलं की आधी कुणाच्या नावावर, कुठला पत्ता, कुठली तारीख, जीएसटी नंबर आहे का, आणि मग शेवटी रक्कम, या क्रमानेच बघते.

डिग्रीबरोबर सीए करायचं असेल तर

बारावीनंतर फाउंडेशन ही सीएची पहिली परीक्षा देऊन जाता येतं, चार पेपर, एकूण ४०० मार्क, प्रत्येकात ४० आणि एकूण ५० टक्के. ऑब्जेक्टिव्ह पेपरांना चुकीच्या उत्तराला पाव मार्क जातो. नाहीतर डिग्री करून थेट इंटरला, म्हणजे पुढच्या परीक्षेला, कॉमर्सवाल्यांना त्यासाठी डिग्रीत ५५ टक्के हवेत, म्हणून "डिग्री काय, पास झालं की बास" असं म्हणू नका, ५४ वर अडकलेली मुलगी मी बघितलीय. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचं ट्रेनिंग, आता दोन वर्षांची आहे. ती चालू असताना कॉलेज करायचं तर सीएच्या इन्स्टिट्यूटची परवानगी लागते, फॉर्म ११२, तो वेळेत भरा. सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी), सीएमए (कॉस्ट अकाउंटंट), एसीसीए (परदेशी अकाउंट्सची पदवी) सगळ्याला एकदम नाव नोंदवू नका, फीचे पैसे घरच्यांचे असतात. एकाची पहिली पायरी पार करा, मग बघा. आणि एकदोन अटेम्प्ट गेले म्हणून कॉलेजही सोडू नका, डिग्री हातात असली की नोकरी करत अभ्यास चालू ठेवता येतो.

पहिल्या नोकरीच्या इंटरव्ह्यूला मोठं काही विचारत नाहीत. घसाऱ्याची एन्ट्री, पासबुकातला डेबिट बॅलन्स, कॅपिटल आणि रेव्हेन्यू खर्चातला फरक, खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट कशावर मिळत नाही. मला एके ठिकाणी चार बिलं समोर ठेवून टॅलीत टाकायला सांगितलं होतं. त्यातलं एक मागच्या आर्थिक वर्षाचं होतं, तेवढंच त्यांना बघायचं होतं.

आणि ओजेटी किंवा सुट्टीतलं काम संपवताना त्या ऑफिसकडून लेटरहेडवर पत्र घ्या, कधीपासून कधीपर्यंत होतात आणि काय काम केलं ते लिहिलेलं, सही-शिक्क्यासकट. शेवटच्या दिवशीच घ्या. ऑडिटच्या दिवसांत परत गेलात तर कुणाला मान वर करायला वेळ नसतो.